अथेना, डॅफ्नी, मेडुसा: तिघी एकसारख्या का दिसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ग्रीक पुराणकथांमधल्या स्त्रियांची एक मालिका तुम्ही करताय. युद्धाची आणि शहाणपणाची देवी अथेना, अपोलो देवापासून पळता पळता झाड झालेली डॅफ्नी आणि केसांच्या जागी साप असलेली मेडुसा ही तीन रेखाटनं झाली आहेत. चेहरे नेटके आहेत, अनॅटॉमीत मोठी चूक नाही. तरी बघणारे म्हणतात, की एकाच मुलीला तीनदा चादर गुंडाळून उभं केलंय. ते अभिजात ग्रीक-रोमन वळण नेमकं येतं कशानं, हे तुम्हाला हवंय.

तिन्ही चित्रं मी बराच वेळ समोर ठेवली होती. तुमच्या रेघेत जोर आहे, हात तयार आहे. मला खटकलं ते हे, की तिघीही आपल्याकडे बघतायत. अथेना ढाल सावरता सावरता आपल्याकडे बघते, डॅफ्नी झाड होता होता आपल्याकडे बघते, मेडुसा तर बघतेच. म्हणजे तिघी पोझ देऊन उभ्या आहेत. गोष्टीत त्यांना काही काम उरलेलं नाही. देवी आणि मॉडेल यांत फरक पडतो तो इथे, आणि तो दागिन्यांनी किंवा शिरस्त्राणानं भरून निघत नाही.

काळ्या आणि लाल आकृत्यांची ग्रीक भांडी नीट पाहा. त्यांवरचे जवळजवळ सगळे चेहरे बाजूनं काढलेले आहेत. माणसं एकमेकांकडे बघतात, हातातल्या कामाकडे बघतात. त्या सगळ्यांत गॉर्गन, म्हणजे मेडुसा किंवा तिच्यासारखी राक्षसी, मात्र थेट समोर तोंड करून असते. शरीर धावतंय एका बाजूला आणि चेहरा वळलाय आपल्याकडे. कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळाच्या त्रिकोणी शिखरपट्टीवर, इसवी सनपूर्व 580 च्या सुमाराची, अशीच एक मोठी गॉर्गन आहे: गुडघे वाकवून धावणारी, कमरेला सापांचा पट्टा, चेहरा पूर्ण समोर. त्या कलाकारांना समोरून बघण्याची किंमत माहीत होती. ज्या बाईची नजर माणसाचा दगड करते, मुख्यतः तिच्यासाठी त्यांनी ती राखून ठेवली. तुम्ही तिघींनाही ती वाटून टाकलीत, त्यामुळे मेडुसाच्या वाट्याला काही उरलं नाही.

म्हणून पेन्सिल उचलण्याआधी एकच गोष्ट ठरवा: या क्षणी हिचं लक्ष कशावर आहे? उत्तर मिळालं, की मान कुठे वळेल, भार कोणत्या पायावर येईल, वस्त्र कुठे ताणलं जाईल हे सगळं त्यातून ठरत जातं. लूव्रमधली सॅमोथ्रेसची नाइके, म्हणजे पंख असलेली विजयदेवता, आठवा. डोकं नाही, हात नाहीत. 1863 मध्ये तुकड्या-तुकड्यांनी सापडलेली मूर्ती. तरी ती जहाजाच्या नाळेवर वाऱ्याला छाती देऊन आत्ताच उतरली आहे, याबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही. चेहऱ्याशिवाय देवी उभी राहू शकते. उलट तुमच्या तिन्ही चित्रांत सगळी मेहनत चेहऱ्यावर झाली आहे आणि खालचं शरीर त्या चेहऱ्याला धरून ठेवायला आहे, इतकंच.

आता भार. अभिजात उभं राहणं म्हणजे एका पायावर भार आणि दुसरा मोकळा, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही ते केलंयही. पण तुम्ही कंबर एका बाजूला ढकललीत आणि बाकीचं शरीर जसंच्या तसं ठेवलंत. आरशासमोर उभ्या राहून बघा. भाराच्या बाजूचा नितंब वर जातो, त्याच बाजूचा खांदा खाली येतो, त्यामुळे ती बरगडी दाबली जाते आणि दुसरी बाजू लांबते. मोकळ्या पायाचा गुडघा थोडा खाली आणि पुढे येतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पायाच्या घोट्याजवळ पडायला हवा. तुमच्या अथेनाचा ओळंबा दोन पायांच्या मधोमध पडतो. म्हणजे डोळ्याला ती वाकलेली दिसते, पण तोल कुठेच टेकत नाही. मी शिकवताना पहिले काही आठवडे चेहराच काढू देत नाही. नुसत्या खांद्याची रेघ, कटीची रेघ, ओळंबा. कंटाळा येतो, पण नंतरच्या शंभर चुका त्यानं वाचतात.

आणि भार प्रत्येकीचा वेगळा. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात प्रॅक्सिटेलीसनं घडवलेली निडोसची प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटी आज रोमन नकलांवरूनच माहीत आहे, पण त्या नकलांतही ते लांब, सावकाश वळण आहे: एक हात पुढे, दुसऱ्या हातातलं वस्त्र पाण्याच्या घड्यावर सोडलेलं. ते वळण अथेनाला दिलंत तर ती अथेना राहत नाही. तिच्यासाठी अक्रोपोलिस संग्रहालयातलं एक छोटं शिल्प बघा, इसवी सनपूर्व 460 च्या सुमाराचं, शोकमग्न अथेना म्हणून ओळखलं जाणारं. भाल्यावर भार देऊन ती एका दगडी खांबाकडे मान झुकवून बघतेय. कंबर उडवलेली नाही, डौल दाखवलेला नाही. चुण्यासुद्धा सरळ खाली न पडता अंगाच्या कलाबरोबर तिरक्या जातात. ती नेमकी कशाचा शोक करतेय यावर अभ्यासक अजून वाद घालतात, पण ती विचारात आहे हे पोचतंच. भाला इथे खरोखर टेकू आहे. तुमच्या अथेनाच्या हातातला भाला काढून टाकला तर तिच्या उभं राहण्यात काही फरक पडत नाही, हाच त्या चित्रातला दोष.

वस्त्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण 'चादर गुंडाळली' हा आक्षेप तिथून येतो आणि तो खरा आहे. तुम्ही आधी शरीर काढलंत आणि मग त्यावर सुंदर सुरकुत्या पेरल्यात. ग्रीक वस्त्र शिवलेलं कमी आणि अडकवलेलं जास्त, म्हणून ते कुठे अडकवलंय हे माहीत असल्याशिवाय एकही चुणी खरी पडत नाही.

मुख्य वस्त्रं तीन धरा. पेप्लॉस लोकरीचा: मोठा आयताकृती कापड, वरचा काठ बाहेरच्या बाजूला दुमडलेला, दोन्ही खांद्यांवर टाचण्यांनी अडकवलेला, एक कूस उघडी. जाड कापड असल्यानं त्याच्या वळ्या मोजक्या, खोल आणि सरळ. खिटॉन तागाचा: पातळ, पेप्लॉसपेक्षा रुंद, खांद्यापासून दंडापर्यंत ठिकठिकाणी अडकवलेला, म्हणून बाह्यांसारखा दिसणारा. त्याच्या बारीक बारीक निऱ्या पडतात आणि पट्ट्यावरून थोडा ओढून काढला की फुगा येतो. या दोन्हींवरून अंगाभोवती घ्यायचं ते हिमाटिऑन. अथेनाला पेप्लॉस, आणि त्याच्या दुमडीवरून बांधलेला पट्टा. शिल्पकार फिडियासनं अथेन्समधल्या पार्थेनॉन या देवळासाठी केलेली सोन्या-हस्तिदंताची अथेना, जी इसवी सनपूर्व 438 मध्ये अर्पण झाली, ती आता नाही. पण 1880 मध्ये अथेन्समध्ये तिची सुमारे मीटरभर उंचीची संगमरवरी रोमन नक्कल सापडली. तिच्यावर हा पट्टा, छातीवरची कातडी ढाल, कडेचे साप, मधला गॉर्गनचा चेहरा हे सगळं जागच्या जागी दिसतं. तुमच्या अथेनाला तुम्ही खिटॉनच्या बारीक निऱ्या दिल्या आहेत आणि वर चिलखतासारखं काहीतरी चढवलंय. म्हणून ती योद्ध्याच्या वेषातली अप्सरा दिसते.

घरी करून पाहायचं असेल तर सुती चादर घेऊ नका, ती कडक पडते. पेप्लॉससाठी जुनी मऊ लोकरी शाल किंवा पातळ ब्लँकेट, खिटॉनसाठी अगदी पातळ मलमल. मैत्रिणीच्या अंगावर टाचण्यांनी अडकवा, पट्टा बांधा, तिला एका पायावर उभं करा आणि एका बाजूनं एकच दिवा लावा. मग बघा, प्रत्येक चुणी कुठून तरी निघते: खांद्यातून, स्तनाग्रातून, पट्ट्यातून, कटीच्या हाडातून, गुडघ्यातून. एका टेकूवरून लोंबणारं कापड नळ्यांसारखं पडतं. दोन टेकूंच्या मधलं झोळ धरतं. कोपर किंवा गुडघा वाकला की आतल्या बाजूला नागमोडी दाटी होते. आणि जमिनीवर टेकलेलं कापड निपचित पसरतं, त्यात ताण नसतो. रेखाटताना प्रत्येक चुणीला मनात विचारा, तू कुणाला धरून आहेस? उत्तर नसेल तर ती पुसा. तुमच्या डॅफ्नीच्या मांडीवरच्या सात-आठ रेघा अशाच पुसाव्या लागतील.

लिओनार्दो तरुणपणी मातीच्या बाहुल्यांवर ओल्या मातीच्या पाण्यात बुडवलेली कापडं टाकून, ती स्थिर झाल्यावर तासन्‌तास रेखाटत असे, असं त्याचा चरित्रकार व्हासारीनं नोंदवलंय. आज आपल्याकडे फोटो आहेत, तरी मी विद्यार्थ्यांना ओलं कापडच देते. पाणी फवारलेली मलमल अंगाला चिकटते आणि ग्रीक शिल्पातला 'ओल्या वस्त्राचा' संकेत हाताला समजतो. अथेना नाइकेच्या देवळाच्या कठड्यावरची, पायातली चप्पल सावरणारी नाइके त्याचं सगळ्यात देखणं उदाहरण. एका पायावर तोल, धड पुढे वाकलेलं आणि अंगभर धावणाऱ्या त्या चुण्या. कापड शरीर झाकत नाही, त्याचा नकाशा काढतं. तिचंही डोकं आज नाही, हे लक्षात घ्या.

अजून एक गोष्ट अथेन्सच्या एरेक्थिऑन देवळातल्या सहा कॅरिॲटिडकडून, म्हणजे खांबांच्या जागी उभ्या केलेल्या स्त्री-मूर्तींकडून, शिका. भाराच्या पायावर कापड सरळ उभ्या खाचांनी पडलंय, अगदी खांबावरच्या खाचांसारखं, आणि मोकळ्या पायावर ते ताणून गुळगुळीत झालंय, गुडघा बाहेर आलाय. शिवाय डावीकडच्या तिघी उजव्या पायावर उभ्या आहेत आणि उजवीकडच्या तिघी डाव्या, म्हणजे भाराचे पाय बाहेरच्या बाजूला. छप्पर पेलणाऱ्या मुली आहेत त्या, आणि तो भार कापडातून दाखवलाय. माझ्या शिकण्याच्या काळात मी त्यांतल्या एकीची प्लास्टरची प्रत सहा आठवडे रेखाटली. पहिले चार आठवडे मी चुण्या मोजत होते. एका दुपारी दिवा हलवला, आणि उभ्या खाचा म्हणजे पाय आहे हे दिसलं. त्यानंतर मी चुण्या मोजल्या नाहीत.

विवस्त्र दाखवायचं की नाही, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. यात संकोचाचा प्रश्न नाही, ओळखीचा आहे. अ‍ॅफ्रोडाइटी, वनदेवता, ग्रेसेस या विवस्त्र शोभतात, ती त्यांची गोष्ट आहे. अथेना, हेरा, डिमीटर यांना ग्रीक शिल्पकारांनी वस्त्रांतच ठेवलं. आर्टेमिसला नहाताना चुकून पाहणाऱ्या ॲक्टिऑनचं हरीण झालं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं, इतकी त्या वस्त्राची किंमत. विवस्त्र आर्टेमिस काढायचीच असेल तर ती आपल्यासाठी उघडी असू नये. आपण ॲक्टिऑनच्या जागी आहोत, हे चित्रात जाणवायला हवं.

चेहऱ्यावर फार बोलत नाही. कपाळ आणि नाक जवळजवळ एका रेघेत, वरची पापणी जाड, ओठ छोटे आणि भरलेले, हनुवटी गोल, केस मधून भांग पाडून लाटांनी मागे. हा साचा आहे आणि तो शिकून घ्यावा, पण तिघींना तोच देऊ नये. डोळे पांढरे सोडू नका. संगमरवरातले डोळे कोरे दिसतात कारण रंग उडून गेलेत; मूळ मूर्ती रंगवलेल्या होत्या. डोकं मात्र जरा लहान करून बघा. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनं डोकं उंचीच्या एक अष्टमांश सांगितलंय. प्रत्यक्षातली माणसं बहुधा साडेसात डोक्यांची भरतात. तेवढ्या अर्ध्या डोक्यानं आकृतीला भव्यता येते. ही वाढ नुसत्या पायांत घालू नका, धडालाही द्या. नुसते पाय लांबवले की फॅशनचं चित्र होतं.

हातांचं बोलणं अजून एक. ग्रीक पुराणात हातांना ठरलेले अर्थ आहेत. पार्थेनॉनच्या पूर्वेकडच्या पट्टीवर हेरा झ्यूसकडे वळून डोक्यावरच्या वस्त्राचा काठ बाजूला करतेय. ती पत्नीची खूण. इलियडच्या पहिल्या सर्गात अकिलीसची आई थेटिस झ्यूसचे गुडघे धरते आणि त्याच्या हनुवटीला हात लावते. ती याचनेची खूण. फ्रेंच चित्रकार अँग्रनं 1811 मध्ये तोच क्षण रंगवला आणि थेटिसची मान इतकी मागे वळवली, की हाडांच्या हिशेबानं ती शक्य नाही. पण आई मुलासाठी मागतेय, हे त्या मानेतूनच कळतं. अनॅटॉमी मोडायची तर अशी, कारणासाठी. तुमच्या तिघींचे हात सुंदर आहेत आणि मुके आहेत.

कागदाबद्दल एवढंच: पांढरा कागद सोडून राखी किंवा निळसर घ्या. फ्रेंच चित्रकार प्रूदोंच्या विवस्त्र अभ्यासचित्रांत निळा कागदच मधली छटा होतो. कोळशानं सावली, पांढऱ्या खडूनं फक्त उजेड, आणि दोन्ही एकमेकांत कधीच घासायचे नाहीत. मॉडेल मिळत नसेल तर स्वतःच्या अंगावर अभ्यास करा. सिस्टाइन छतावरच्या लिबियन सिबिल या भविष्यवेत्तीसाठी मायकेलअँजेलोनं केलेलं लाल खडूचं रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते पुरुष मॉडेलवरून केलंय, आणि त्याच कागदावर पायाचा अंगठा पुन्हा पुन्हा काढलाय. सगळा भार त्या अंगठ्यावर येणार होता म्हणून.

आता डॅफ्नी. तिन्हींत हीच मला सगळ्यात जास्त तोडून पुन्हा करावीशी वाटते. तिच्या केसांत तुम्ही पानं माळली आहेत, पायाला सालीचे बूट घातलेत आणि हात नाचल्यासारखे वर नेलेत. ती पळतेय. नको असलेल्या देवापासून, अपोलोपासून जीव तोडून पळतेय, दमलीय, बापाला म्हणजे नदीच्या देवाला हाक मारतेय, आणि तिची सुटका अशी होते, की तिचं शरीरच जातं. रोमन कवी ओव्हिडनं क्रम दिलाय: आधी अवयवांना जडपणा, मग छातीभोवती पातळ साल, केसांची पानं, हातांच्या फांद्या, एवढा वेळ वेगानं धावणारे पाय मुळांत रुतलेले, शेवटी चेहऱ्याच्या जागी शेंडा. यातला एकच क्षण निवडा. बर्निनीनं 1622 ते 1625 दरम्यान घडवलेल्या, रोमच्या बोर्गेझे संग्रहातल्या शिल्पात तो क्षण इतका नेमका आहे, की अपोलोचा हात तिच्या कमरेशी पोचलाय पण हाताला लागतेय ती साल. तिचं तोंड उघडं आहे, बोटांच्या टोकांतून पानं फुटतायत, पायाच्या बोटांतून मुळं.

रेखाटनात हे आणायचं तर वरचं धड अजून पळत राहू द्या आणि पाय थांबवा. वेगाची रेघ टाचेपाशी तुटली पाहिजे. वस्त्र मागे उडतंय ते वरच्या भागात. खाली ते सालीत अडकून ताणलं जाऊ द्या. बोटांतून फांदी काढताना सांध्याचा क्रम मोडू नका: पेर, पेर, मग नख, आणि नखाच्या जागी देठ. ती ज्या झाडाची होते त्या लॉरेलची पानं एकाआड एक फुटतात, भाल्यासारखी निमुळती, जाडसर, काठाला हलकी लाट. तुम्ही समोरासमोर जोडीनं काढली आहेत, ती दुसऱ्याच झाडाची झाली. मान मागे वळू द्या, अपोलो चित्रात नसला तरी. तिच्या मानेवरून तो किती जवळ आलाय ते कळायला हवं. चेहरा आकर्षक ठेवायचा मोह होतो, तो आवरा. तिला सुंदर दिसण्याशी या क्षणी काहीही घेणं नाही, आणि आपण तिला ते लादलं तर आपणही तिच्या मागे लागलेल्यांपैकीच एक होतो. हे मी मनापासून सांगते, कारण हीच चूक मी कित्येक वर्षं करत होते आणि कुणी टोकलं नव्हतं.

मेडुसाला दोन वाटा आहेत. एक, ती खरंच बघतेय. मग चेहरा पूर्ण समोरून, दोन्ही बाजू सारख्या, प्रकाश खालून किंवा सपाट, आणि मालिकेतल्या बाकीच्या कुणीही समोर बघायचं नाही. साप केसांच्या बटांसारखे काढू नका. प्रत्येक साप म्हणजे वजनाची नळी. तो कवटीच्या गोलाईतून निघतो, कपाळाच्या कडेची कातडी थोडी ओढतो, दुसऱ्या सापावर टेकतो. सगळे फणा काढून बाहेर बघणार नाहीत, काही तिच्याच कानामागे शिरतील.

दुसरी वाट मला जास्त जवळची. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इसवी सनपूर्व 450 ते 440 च्या सुमाराचं एक भांडं आहे, पॉलिग्नोटॉस नावाच्या भांडी-चित्रकाराचं मानलं जाणारं. त्यावर मेडुसा झोपली आहे. सुळे नाहीत, बाहेर आलेली जीभ नाही. एक तरुण मुलगी, पंख मिटायचे राहिलेले, आणि तिला मारायला आलेला वीर पर्सियस तोंड फिरवून तिच्या गळ्याला पातं लावतोय. तिला देखणी दाखवणाऱ्या सुरुवातीच्या चित्रांत याची गणना होते. पुढे ओव्हिडनं लिहिलं, की समुद्रदेव नेपच्यूननं मिनर्व्हाच्या (अथेनाचं हे रोमन नाव) देवळात तिच्यावर बळजबरी केली आणि शिक्षा म्हणून केसांचे साप झाले ते तिचेच. ही गोष्ट घेतलीत तर डोळे मिटलेले ठेवा. मान एका बाजूला कलंडलेली, गळ्याचा तो लांब स्नायू कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत सैल पडलेला, एक हात डोक्याखाली. सापही झोपलेले काढा, वेटोळी सोडून, जमिनीवर पसरलेल्या कापडासारखे ताण नसलेले. पर्सियस नको. फक्त गळ्यावर, पातं येणार तिथे, उजेडाची एक अरुंद पट्टी येऊ द्या.

अथेना सगळ्यात शेवटी करा. तिच्या छातीवर मेडुसाचाच चेहरा लावायचाय, आणि तो कोणता लावायचा हे तोवर तुम्हाला कळलेलं असेल.